पहिली मोटरसायकल: १२५ घ्यावी की थेट ३५०? (धायरी ते शिवाजीनगर, रोज)

नवशिक्या_धायरी
आजवर फक्त बिनगिअरची स्कूटर चालवली आहे. आता रोज धायरीहून शिवाजीनगर, येऊन-जाऊन साधारण २५ किमी. उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. बजेट सव्वा लाख, ताणलं तर दोन. घरचे १२५ म्हणतात. मित्र म्हणतात, घ्यायचीच तर ३५० घे, परत परत कोण घेतं! लायसन्स बिनगिअरचं आहे. कोणती घ्यावी, आणि सिंहगड रोडच्या गर्दीत घुसण्याआधी काय शिकावं?

गॅरेजकट्टा
नुसत्या कॅटलॉगवर जाऊ नका. रॉयल एनफील्डच्या हंटर ३५० ची सीट ७९० मिमी उंच, होंडाच्या शाइन १२५ ची ७९१. कागदावर सारख्याच. पण हंटर १८१ किलोची, शाइन ११३-११४ ची, आणि क्लासिक ३५० तर १९५. पळत्या गाडीला हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते सिग्नलला थांबताना, टेकवलेला पाय नेमका खड्ड्यात गेला की. जरा कललेली गाडी मांडीवर पेलता येते. त्यापुढे गेली की ५८ किलोचा माणूस १८१ किलो आवरू शकत नाही, आणि आवरायला जाऊही नये. सोडून द्यावी, पाय वाचतो.

शोरूममध्ये रोजचेच बूट घालून जा. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का बघा. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढी उंची वाया जाते, म्हणून मिमीच्या आकड्यावर विसंबू नका. मग बसल्या बसल्या पायांनी गाडी दहा फूट मागे ढकला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज हेच करायचंय. सेल्समन तोवर मायलेज सांगत असेल, सांगू द्या.

माझं मत १२५, पण पुढे डिस्क ब्रेक असलेलीच. १२५ सीसीपर्यंत बहुतेक गाड्यांना सीबीएस असतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यावरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. म्हणून बजेट ताणायचंच असेल तर १५०-१६० पर्यंत ताणा, ३५० पर्यंत नको. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक घसरू शकतं, हे सेल्समन सांगणार नाही.

आणि गिअरच्या गाडीसाठी आधी लर्निंग काढा. ३० दिवसांनी टेस्ट देता येते, लर्निंगची मुदत ६ महिने. तोवर पुढे-मागे लाल 'एल', आणि मित्राला मागे बसवून एफसी रोड नाही.

जुनंतेसोनं
नवीच कशाला? शिकताना गाडी एकदा तरी आडवी होणार, लिव्हर वाकणार, टाकीला पोचा येणार. चार-पाच वर्षांची १२५ घ्या. फक्त हे तपासा: चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडखळलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर तेल दिसलं तर सील गेलं. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरते त्या चक्राचे) दात शार्कच्या दातांसारखे एका बाजूला झुकलेले असतील तर चेन-सेटचा खर्च धरा. टायरवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतकं जुनं रबर ओल्यात पकडत नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

क्लचतज्ज्ञ
गाडीची चर्चा झाली, आता चालवण्याचं बोलू. रविवारी सकाळी मोकळं मैदान गाठा. पहिला गिअर, अॅक्सिलरेटरला हात नाही. क्लच इतका हळू सोडा की इंजिनचा आवाज किंचित जड होईल आणि गाडी पुढे सरकू पाहील. हा बाइट पॉइंट. तिथे बोटं थांबवा, पुन्हा दाबा. असं पन्नासदा. नवशिक्याची गाडी बंद पडते ती या जागेवरून क्लच झटक्यात सोडल्यामुळे. मग अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांवर चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढा. सिंहगड रोडला संध्याकाळी हीच कला लागते. हळू वेगात वळताना पुढचा ब्रेक दाबू नका, गाडी तिथेच आडवी होते.

आता ब्रेक. स्कूटरवरून आलेले लोक पुढच्या ब्रेकला घाबरतात, पण थांबवतो तोच. लिव्हर आधी हलकी दाबायची, पुढचं सस्पेन्शन खाली बसलं की दाब वाढवायचा. भार पुढे सरकायला क्षणभर लागतो. त्याआधीच करकचून दाबला तर चाकावर पुरेसं वजन नसतं आणि ते लॉक होतं. लॉक झालंच तर लगेच सोडा, पुन्हा दाबा. २० च्या वेगापासून सुरू करा, ४० पर्यंत न्या. ४० च्या वेगात भानावर यायला एक सेकंद धरला तर ११ मीटर तसेच जातात, थांबेपर्यंत एकूण २० च्या आसपास. ६० ला हेच ४० च्या घरात जातं.

गिअरचा पॅटर्नही बघून घ्या. काही गाड्यांना सगळे गिअर खाली दाबायचे, बऱ्याच गाड्यांना एक खाली आणि बाकी वर.

पेठकर
हेल्मेटवर कोणीच बोललं नाही, पुण्याची परंपरा पाळताय! आयएसआय म्हणजे आयएस ४१५१ चा शिक्का, पूर्ण चेहरा झाकणारं. भुवयांच्या वर साधारण इंचभर टेप गुंडाळून डोकं मोजा. पट्टा बांधून मागची कड धरून वर-पुढे ओढा. निघालं तर साइज मोठा आहे. मागे बसणाऱ्यालाही हवं.

रस्त्याचं सांगायचं तर पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा झेब्राचे पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणं यांवर ब्रेकही नको, वळणही नको. नदीपात्रातल्या रस्त्यावर पाणी ओसरल्यावर गाळ राहतो, दोन दिवस तिकडे फिरकू नका. पीएमपीच्या डावीकडून, बस आणि फूटपाथच्या फटीतून, कधीही नाही. नवले पुलाच्या उतारावर कात्रजच्या नव्या बोगद्याकडून ट्रक येतात. धायरीहून हायवेला जाणं झालंच तर सर्व्हिस रोड धरा.

नवशिक्या_धायरी
सगळ्यांचे आभार. १२५ नक्की, जुनी बघतो. दोन शंका: चढावर थांबलो की मागे घसरणार नाही का? आणि दिवे घाट उतरताना क्लच दाबून ठेवायचा ना, पेट्रोल वाचतं म्हणून?

क्लचतज्ज्ञ
अजिबात नाही! क्लच दाबला की इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकवर. सतत दाबून ड्रम तापतात आणि ऐन वळणावर पकड सैल पडते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच्याच आसपास उतरा, दुसरा किंवा तिसरा, क्लच सोडलेला.

चढावर डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. थोडा अॅक्सिलरेटर, क्लच बाइटपर्यंत. आवाज जड झाला की गाडी धरली जाते, तेव्हाच ब्रेक सोडा.

गॅरेजकट्टा
जुनी घेताय तर पहिल्या दिवशी हवा तपासा, टायर गार असताना. बहुतेक १२५ ना पुढे २५, मागे २८-२९ पीएसआय, डबलसीटला मागे जास्त. नेमका आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केली की २० ते ३० मिमी हलली पाहिजे. सैल असेल तर उतरेल, घट्ट असेल तर खड्ड्यात ताणून बेअरिंग खाईल. दर ५०० किमीला चेनला तेल, आणि पावसात भिजली की दुसऱ्या दिवशी पुन्हा.