मदत हवी आहे: रेप्लिका पिस्तुलावर कोल्ड ब्लूइंग (धातू न तापवता रसायनाने निळा-काळा करणं) धरत नाहीये

नाटकाच्या प्रॉपसाठी ल्युगर या जर्मन पिस्तुलाची रेप्लिका आहे, नळी भरीव, काहीच उडत नाही. बॉडी झिंक अलॉयची, लोहचुंबक फक्त स्क्रू आणि स्प्रिंगला चिकटतं. जुना काळा रंग थिनरने काढला, ४०० मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासलं, ॲसिटोनने पुसून ग्लोव्हज घालूनच ब्लूइंगचं सोल्युशन लावलं. स्क्रू मस्त निळे-काळे झालेत, पण बॉडीवर राखेसारखा थर येतो आणि फडकं फिरवलं की निघून जातो, ट्रिगर गार्डच्या कडेला तर लगेचच. हे सेलेनियमवालं सोल्युशन मुळात स्टीलसाठी असतं हे माहितीये, पण स्प्रे पेंट नकोय, पहिल्या रांगेतूनसुद्धा धातूच वाटला पाहिजे आणि तालमीत रोज हाताळला जाणार. आधी तांब्याचा पातळ थर चढवून वर ब्लूइंग केलं तर टिकेल का, की अॅल्युमिनियम ब्लॅक (अॅल्युमिनियम काळं करायचं सोल्युशन) थेट झिंकवर जास्त चांगलं बसतं?