मुंबईच्या रुग्णालयासाठी घरून फोनवर कागदपत्रे पाहणाऱ्या मदतनीस बाईंवर किती विसंबावे?

प्रश्न : डिचोलीकर बहीण

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला गेल्या दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. आईचे वय सहासष्ट असले तरी ती स्वतःचे मूत्रपिंड देण्यास तयार आहे, दोघांचा रक्तगट जुळतो आणि तिच्या आतापर्यंतच्या तपासण्याही समाधानकारक आल्या आहेत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही मूत्रपिंड प्रत्यारोपण होते हे आम्हांला ठाऊक आहे, परंतु भावाची नोकरी आणि कंपनीचा विमा दोन्ही मुंबईचे असल्यामुळे आम्ही तिथले एक रुग्णालय निवडले.

तिथे कागदपत्रांचे सगळे काम रुग्णालयाने नेमलेल्या एक बाई आपल्या घरून, फोन आणि ई-मेलवर पाहतात. त्यांना आम्ही अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही. बोलायला त्या चांगल्या आहेत, पण घोडे एकाच ठिकाणी अडले आहे. आईचा जन्म १९५९ चा, त्यामुळे तिच्या जन्माची नोंद पोर्तुगीज भाषेत आणि माहेरच्या नावाने आहे. आधार कार्डावर सासरचे नाव आहे, आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे लग्नात तिचे पाळण्यातले नावही बदलले. तोच दाखला आम्ही तीन वेळा पाठवला आणि तिन्ही वेळा ‘नाव जुळत नाही’ एवढेच उत्तर आले. अशा दूर बसलेल्या व्यक्तीवर किती विसंबावे, आणि कोणत्या गोष्टी रुग्णालयातल्या जबाबदार माणसाशीच बोलाव्यात?

उत्तर : फोंड्याहून घरबसल्या काम करणारी

ताई, मी स्वतः हेच काम करते. रुग्णालय दुसरे आहे आणि राज्यही दुसरे, पण कामाची रीत सारखीच असावी. प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला समन्वयक नेमावाच लागतो, तशी अट २०११ च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आली. आम्ही त्या समन्वयकाच्या हाताखालची माणसे. सकाळी संगणक उघडला की समोर रुग्णांची यादी येते आणि प्रत्येकाच्या नावापुढे काय राहिले आहे ते दिसते : कोणाचा हृदयाचा अहवाल, कोणाची विमा कंपनीची मंजुरी, कोणाचे नात्याचे पुरावे. त्यांचा पाठपुरावा करणे, तारखा जुळवणे, विमा कंपनीच्या शंकांना कागद जोडून उत्तर देणे आणि फाइल पूर्ण झाली की समन्वयकाकडे सोपवणे, एवढेच आमचे काम. दात्याचे नाते मान्य करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार आम्हांला नाही. म्हणून तुम्हांला मिळालेले ‘नाव जुळत नाही’ हे उत्तर म्हणजे निर्णय नव्हे, फक्त यादीतली एक रिकामी चौकट आहे असे समजा. तोच दाखला चौथ्यांदा पाठवू नका, कारण पाहणाऱ्या बाईंना पोर्तुगीज येत नसणार आणि गोव्यातल्या नावांची ही भानगड त्यांच्या कानावरही आलेली नसणार. एका पानावर आईची सगळी नावे, कोणते नाव कोणत्या कागदावर आहे आणि ते का बदलले, हे क्रमाने लिहून पाठवा आणि त्याची प्रत समन्वयकालाही जोडा.

औषधाची मात्रा, अहवालाचा अर्थ किंवा ‘आईला धोका किती’ असे प्रश्न आम्हांला विचारले तर आम्ही ते डॉक्टरांकडे पाठवायचे असतात. एखाद्या मदतनीसाने स्वतःहून असे उत्तर दिलेच, तर ते मानू नये. पैसे भरण्यासाठी कोणी स्वतःचा यूपीआय क्रमांक दिला, ओटीपी मागितला किंवा ‘दाता मिळवून देतो’ असे म्हटले, तर फोन ठेवा आणि रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर स्वतः फोन करून कळवा. अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे.

उत्तर : निवृत्त कारकून, बार्देश

नोंदणीच्या कागदांत माझे आयुष्य गेले, म्हणून त्या बाजूने सांगतो. जुन्या पोर्तुगीज नोंदीत आडनावाच्या शेवटचे ‘कर’ लिहिताना ‘के’ऐवजी ‘सी’ येतो आणि ‘नाईक’ तर ‘क्यू’ने लिहिलेले असते. मुंबईच्या माणसाला ती दोन वेगळी कुटुंबे वाटली तर त्याचा दोष नाही. तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयातून आईच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल घ्या, ज्याला आपण ‘तेओर’ म्हणतो. तिचे अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घ्या. त्याहून महत्त्वाची आहे ती विवाहनोंद. गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी पूर्वीपासून होत आली असल्यामुळे माहेरचे आणि सासरचे नाव जोडणारा दुवा बहुधा त्याच कागदावर सापडतो. इतर राज्यांतल्या त्या पिढीच्या बायकांकडे असा कागद क्वचितच असतो. त्याला भावाच्या जन्मदाखल्याची जोड द्या, म्हणजे साखळी पूर्ण होते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखालची प्रक्रिया वेगळी आहे आणि तुम्हांला तिची गरज दिसत नाही. कोणी भर दुपारी त्यासाठी रांगेत उभे करू लागला तर आधी कारण विचारा.

आई आणि मुलगा हे अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने जवळचे नातेवाईक आहेत. एवढे करूनही कागदांवरून नाते पटले नाही, तर वैद्यकीय चाचणीने ते सिद्ध करण्याची सोय नियमांत आहे. तेव्हा धीर सोडू नका. आपल्या गोव्यासह हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधानसभांनी ठराव केल्यावर संसदेने १९९४ चा हा कायदा केला, हे जाता जाता सांगतो.

उत्तर : पेडण्याचा रुग्ण, प्रत्यारोपणाला चार वर्षे

शस्त्रक्रियेनंतरही या मदतनीसांशी गाठ असते, म्हणून माझा एक अनुभव लिहितो. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध घ्यावे लागते. त्याची रक्तातली पातळी पाहण्यासाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचे असते. आमच्या मदतनीसाने म्हापशाच्या प्रयोगशाळेचा माणूस घरी बोलावला तो अकरा वाजता. गोळी मी आठला घेऊन बसलो होतो. आकडा फुगून आला, डॉक्टर चक्रावले आणि तीन दिवसांनी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. मदतनीसाच्या लेखी ती एक ‘रक्ततपासणी’ होती, आणि मीही फोनवर गोळीची वेळ सांगितली नव्हती. आता वेळ मी ठरवतो आणि त्यांना कळवतो.

उत्तर : फोंड्याहून घरबसल्या काम करणारी

एक गोष्ट राहिली. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे २०१४ च्या नियमांत आहे. माझ्याकडे फोन येतात ते बहुतेक मुलांचे किंवा सुनांचे, आणि ‘आईची काहीच हरकत नाही’ हे वाक्य आईखेरीज सगळे जण सांगतात. तुमच्या घरी तसे असेल असे मी म्हणत नाही. पण त्या बाईंचा पुढचा फोन आला की तो आईच्या हातात द्या, आणि समन्वयकाशी तिचे एकटीचे बोलणे केव्हा होणार हेही विचारून घ्या.

डिचोलीकर बहीण

सर्वांचे आभार. आईला कोकणी आणि मराठी दोन्ही बोलता येते, पण आतापर्यंतचे सगळे फोन मीच घेतले होते, हे वरचे उत्तर वाचताना लक्षात आले. विवाहनोंदीचा तर आम्हांला विसरच पडला होता. सोमवारी आईला घेऊन निबंधक कार्यालयात जात आहे. नावांचे पान काल रात्री तिनेच सांगितले आणि मी लिहून घेतले. तिच्या पाळण्यातल्या नावाचे स्पेलिंग आजवर मी चुकीचे सांगत होते.