किटा: मोआबिटची द्विभाषिक की घराजवळची जर्मन? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

प्रेषक: मृणाल
मंगळवार, 28 मे 2024, सकाळी 9:12

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. आमच्या ओवीसाठी बर्लिनमधल्या दोन किटांकडून (इथल्या पाळणाघर-बालवाड्यांकडून) एकदमच होकार आलाय, दोन्हीकडे 1 ऑगस्टपासून. एक मोआबिटची जर्मन-इंग्रजी, जिच्या वेटिंगबद्दल मी मागे लिहिलं होतं तीच. दुसरी आमच्या श्टेग्लिट्झच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, पूर्ण जर्मन. दोघींना शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर हवंय. गुटशाइन, म्हणजे किटाच्या जागेसाठीचं सरकारी पत्र, हातात आहे, तो प्रश्न नाही.

घरी आम्ही मराठीच बोलतो. ओवी लवकरच दोन वर्षांची होईल, आत्ता कुठे शब्दाला शब्द जोडायला लागलीय. माझ्या नवऱ्याला, अमेयला, जर्मन येत नाही, माझं बी-1 म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय. इंग्रजी बोलणाऱ्या बाई असल्या तर पोर दिवसभरात काय जेवली, कशावरून रडली, हे निदान आम्हाला नीट कळेल. पण मोआबिटवाले महिन्याला 90 युरो जादा मागताहेत, जेवणाचे 23 वेगळे. शिवाय एवढ्या लहान वयात तिसरी भाषा नको, असं सासूबाईंचं ठाम मत आहे. ज्यांची मुलं अशा किटात होती त्यांनी कृपया आजच लिहा.

अनघाताई, तुमच्या किटांच्या यादीच्या शीटमध्ये मोआबिटपुढे नुसती टिक आहे. तिचा अर्थ काय?

मृणाल

---

प्रेषक: अनघा
मंगळवार, 28 मे 2024, सकाळी 10:40

टिक म्हणजे मंडळातलं कुणाचं तरी मूल तिथे होतं, एवढंच. ती शिफारस नाही. शीटच्या पहिल्या ओळीत तसं लिहिलंय. आणि सगळ्यांनाच विनंती, शीटच्या प्रती काढून व्हॉट्सॅपवर फिरवू नका. फिरणाऱ्या प्रतीत बंद झालेल्या किटा अजून तशाच आहेत आणि लोक तिथे फोन करत बसतात. बदल असेल तर मला मेल करा, मी त्याच दिवशी करते.

90 युरोंबद्दल. ऑगस्ट 2018 पासून बर्लिनमध्ये किटाला फी नाही, फक्त जेवणाचे 23. त्यावर किटा जास्तीत जास्त 90 घेऊ शकते, तेही जादा सेवेसाठीच: दुसरी भाषा, नाश्ता, योगा वगैरे. करारात त्याचं वेगळं कलम असतं. ते पुढे कधी रद्द केलं तरी मुलाची जागा जात नाही. तेव्हा फक्त पैशांकडे बघून मोआबिटला नाही म्हणू नकोस. ते पान घरी आणून शांतपणे वाच आणि मग सही कर.

अनघा

---

प्रेषक: नितीन
मंगळवार, 28 मे 2024, दुपारी 1:05

मोआबिट घ्या. यू-9 मेट्रो श्टेग्लिट्झहून थेट मोआबिटच्या टुर्मश्ट्रासे स्टेशनला जाते, गाडी बदलायची नाही.

आमचा मुलगा फ्रीडरिशहाइनमध्ये द्विभाषिक किटात होता. पुढे परत पुण्याला जाणार की इथेच राहणार हे ठरलेलं नव्हतं, आणि आपल्यापैकी निम्म्यांचं तेच असतं. इंग्रजी हाताशी असली की दोन्ही दारं उघडी राहतात. युरोपा शाळांचाही, म्हणजे बर्लिनच्या सरकारी द्विभाषिक शाळांचाही, विचार करा. त्या 1992 पासून आहेत, अर्धं शिक्षण जर्मनमधून आणि अर्धं जोडीच्या भाषेतून. जर्मन-इंग्रजी वर्गात घेण्याआधी मुलाची भाषा तपासतात. घरात फक्त मराठी आणि किटात फक्त जर्मन असेल तर तिथे पोर कशी टिकणार? जर्मन काय, ती रस्त्यावरही मिळते.

नितीन

---

प्रेषक: केतकी
मंगळवार, 28 मे 2024, रात्री 9:50

नितीनदादा, जर्मन रस्त्यावर मिळत नाही हो. ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, शनिवार-रविवारी आपलीच माणसं. आपल्या मुलांच्या कानावर जर्मन पडते ती किटातच.

मी स्वतः एर्त्सीयरिन (किटातली शिक्षिका) आहे, तिसऱ्या वर्षाच्या आतल्या मुलांच्या गटात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मृणाल, तिसरी भाषा आली म्हणून मूल गोंधळत नाही. काही आठवडे गप्प राहील, एकाच वाक्यात तीन भाषा कालवेल, ते होऊ दे. घरची मराठी मात्र जराही कमी करू नकोस. आजींना सांग की त्यांची भीती मराठीसाठी असेल तर उपाय त्यांच्याच हातात आहे: भरपूर बोलायचं, गोष्टी सांगायच्या.

आता द्विभाषिकबद्दल. दारावरची पाटी बघू नकोस, गटाचा ड्यूटी चार्ट बघ. एक माणूस एक भाषा, अशी ही पद्धत. जर्मन बोलणारी जर्मनच बोलते, इंग्रजीवाली इंग्रजीच. म्हणजे इंग्रजीवाली आजारी पडली, सुट्टीवर गेली किंवा नोकरी सोडून गेली की त्या गटातली इंग्रजी थांबली. शहरात एर्त्सीयर मिळत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे, त्यात इंग्रजी बोलणारी तर आणखी दुर्मीळ. तेव्हा जाऊन सरळ विचार. ओवीच्या गटात इंग्रजी बोलणारं कोण आहे? आठवड्यात किती तास? तिचा करार कधीपर्यंत आहे? ती गेली तर पुढे काय? उत्तरात नुसती संकल्पना ऐकवली आणि माणसाचं नाव आलं नाही, तर समजून जा.

आणि चांगला स्टाफ असला तरी रोज काय घडतं तेही सांगते. बाई इंग्रजीत म्हणते, बूट घाल. मूल बरोबर बूट घालतं आणि उत्तर देतं जर्मनमध्ये. वाळूच्या खड्ड्यात भांडण जुंपलं की सगळी जर्मनमध्येच भांडतात. इंग्रजी समजू लागते, ती बोलायला मात्र वेळ लागतो.

30 सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची त्याच वर्षी शाळा सुरू होते. शाळा पत्त्यावरून मिळते. श्टेग्लिट्झच्या किटातल्या निम्म्या पोरी ओवीबरोबर शाळेतही असतील. मला हे फार मोलाचं वाटतं.

केतकी

---

प्रेषक: वैशाली
बुधवार, 29 मे 2024, सकाळी 8:20

केतकीने मराठीबद्दल लिहिलं ते मनापासून पटलं. आपला मराठी बालवर्ग दर रविवारी असतो, ओवीला आणा. दोन वर्षांची मुलंही चालतात, फक्त आईबाबांपैकी एकाने सोबत बसायचं.

मात्र बालवर्गाचे पालक वर्गाच्या वेळेत किटाची चर्चा करत बसतात आणि गाणी अर्धी राहतात. तो विषय कृपया इथे लिस्टवरच ठेवा.

वैशाली

---

प्रेषक: मृणाल
बुधवार, 29 मे 2024, दुपारी 12:30

सगळ्यांचे आभार. उद्या सकाळी मोआबिटला जातेय, केतकीचे प्रश्न लिहून घेतलेत.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. दोन्हीकडे आइनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला हळूहळू रुळवणं, आहे, तीन-चार आठवडे कुणीतरी सोबत हवं. माझी नोकरी एप्रिलमध्ये सुरू झालीय, सप्टेंबरअखेरपर्यंत प्रोबेत्साइट (प्रोबेशन). सासूबाई 20 ऑगस्टपर्यंत इथे आहेत, त्यांचे व्हिसाचे नव्वद दिवस तेव्हा संपतात. त्यांनी सोबत बसलं तर चालेल का?

मृणाल

---

प्रेषक: सुहास
बुधवार, 29 मे 2024, दुपारी 3:15

जरूर चालेल. आमच्या नातीबरोबर तिची आजीच बसली होती, लेखी परवानगी दिली की झालं. भाषेचं फारसं अडलं नाही. बाई हातवारे करायच्या, ही मान डोलवायची. आजीइतका जीव लावणारं दुसरं कोण मिळणार? तिकीट काढून आलेल्या माणसाला घरात नुसतं बसवून काय करायचं?

अनघा, शीटमध्ये कुठली किटा आजी-आजोबांना बसू देते तेही टाक.

सुहासकाका

---

प्रेषक: केतकी
बुधवार, 29 मे 2024, रात्री 10:05

काका, आजींचा जीव आहे म्हणूनच मला काळजी वाटते. बर्लिनच्या पद्धतीत पहिले तीन दिवस मोठं माणूस तासभर खोलीत बसतं, मुलाला सोडून कुठेही जात नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, आपण होऊन खेळवायचं नाही. मूल आपण होऊन बाईंकडे जायला हवं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन दाराबाहेर थांबायचं, थोडाच वेळ. हा पहिला विरह सोमवारी करत नाहीत. 1 ऑगस्ट गुरुवारी आहे, म्हणजे चौथा दिवस मंगळवारी येतो, छान जमतंय.

पण 20 ऑगस्टला आजी विमानात बसणार. ओवी ज्या माणसाच्या भरवशावर तिथे रुळेल तेच माणूस तिसऱ्या आठवड्यात घरातून नाहीसं होणार. दोन्ही धक्के एकदम नकोत. अमेयने बसावं.

आणि गोवराच्या लसीची नोंद आत्ताच शोधून ठेवा. 2020 च्या कायद्याने ती दाखवल्याशिवाय किटा घेत नाही: एक वर्षानंतर एक डोस, दोन वर्षांनंतर दोन.

केतकी

---

प्रेषक: नितीन
गुरुवार, 30 मे 2024, सकाळी 7:55

केतकीच्या मेलला जोडून. अमेयला एल्टर्नत्साइट (पालकत्वाची रजा) घेता येईल, एक महिनाही चालतो. सात आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. 1 ऑगस्टपासून हवी असेल तर 13 जूनच्या आत पत्र पोचलं पाहिजे. एचआरशी तोंडी बोलून थांबू नका. पत्र कसं लिहायचं ते मी अमेयला आज फोनवर सांगतो.

नितीन

---

प्रेषक: मृणाल
गुरुवार, 30 मे 2024, संध्याकाळी 6:40

मोआबिटला जाऊन आले. जागा सुंदर आहे, मुलं खुशीत दिसली. पण ओवीच्या गटात इंग्रजी बोलणारी एकच बाई आहे आणि तिचा करार सप्टेंबरपर्यंतच. पुढचं माणूस शोधताहेत म्हणाले. श्टेग्लिट्झच्या बाईंशी माझ्या जर्मनमध्ये बोलले. त्या सावकाश बोलल्या, मला सगळं समजलं. रोज काय खाल्लं, किती झोपली, हे वहीत लिहून देतात, अमेय ते घरी बसून, भाषांतर करून वाचू शकेल. श्टेग्लिट्झला होकार कळवला. अमेय आज रात्री पत्र लिहितोय.

सासूबाई म्हणाल्या, बसू दे त्याला, मी डबा करते. तिथे घरचा डबा चालत नाही हे त्यांना अजून सांगायचंय. शाकाहारी मिळेल म्हणाले, पण वाढदिवसाला बाकीची मुलं जिलेटिनच्या गोळ्या आणतात. त्याचं तुम्ही काय करता?

मृणाल

---

प्रेषक: अनघा
गुरुवार, 30 मे 2024, रात्री 8:10

गोळ्यांसाठी एक डबा ओवीच्या नावाने बाईंकडे देऊन ठेव, आपल्या चालणाऱ्या गोळ्या त्यात भरायच्या. आम्ही तेच करतो. चिखलात घालायची पँट माझ्याकडे 92 मापाची आहे, धुऊन ठेवलीय. रविवारी बालवर्गाला घेऊन येते, वर्ग संपल्यावर देईन.

मोआबिटची माहिती शीटमध्ये आत्ताच घातली. श्टेग्लिट्झचं ऑगस्टनंतर कळव.

अनघा