आजोबांच्या याशिका मॅट १२४ जी कॅमेऱ्यात अर्धा रोल तसाच राहिलाय, झाकण उघडू का?

फलटणकर

नमस्कार मंडळी. फलटणला आमच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता, साधारण १९९७ ला बंद केला आणि पुढे २ वर्षांत आजोबा गेले. मागच्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तर आत याशिका मॅट १२४ जी निघाला, केससकट. केसवर पांढरी बुरशी आहे पण कॅमेरा बाहेरून छान आहे, वरचं हूड उघडलं तर काचेवर आमचं अंगण दिसलं, डावं उजवीकडे असं, मी किती वेळ तसाच बघत बसलो होतो. आता मुद्दा असा की बाजूच्या खिडकीत ७ आकडा आहे आणि क्रँक फिरवायला गेलो तर थोडी हलून अडकते, म्हणजे आत रोल आहे ना? इथल्या एका दुकानात नेला तर ते लगेच म्हणाले उघडून बघू, मी नको म्हणालो आणि परत घेऊन आलो. आजोबांच्या हातचे शेवटचे फोटो असतील तर मला ते कुठल्याही परिस्थितीत घालवायचे नाहीयेत. काय करू सांगा, फिल्ममधलं मला काहीही कळत नाही.

सहा_बाय_सहा

उघडू नका!! दुकानात नको म्हणालात ते फार चांगलं केलंत. या कॅमेऱ्याला मागे आकडे वाचायची लाल खिडकी नसते, रोलवरचा बाण आतल्या खुणेला लावून झाकण बंद केलं की पुढचे आकडे कॅमेरा स्वतःच मोजतो, त्यामुळे आत कुठली फिल्म आहे ते रोल संपवल्याशिवाय कळणार नाही.

क्रँक अडकली म्हणजे बिघाड समजू नका. ७ नंबर आधीच ओढून ठेवलेला आहे आणि शटर दाबायचं बाकी आहे, म्हणजे ६ फोटो काढून झालेत आणि ६ कोरे आहेत. आता असं करा, पुढच्या दोन्ही लेन्सवर झाकण बसवा (नसेल तर जाड काळं कापड दुहेरी करून रबराने घट्ट बांधा), शटरचा स्पीड १२५ वर (सेकंदाचा १२५ वा भाग) ठेवा, सेल्फ टायमरच्या खटक्याला अजिबात हात लावू नका, तो जुन्या कॅमेऱ्यात अडकला की शटरच अडकतं. मग शटर दाबा, क्रँक पुढे थांबेपर्यंत आणि उलटी परत थांबेपर्यंत, परत शटर, असं १२ पर्यंत. नंतर क्रँक सैल फिरायला लागेपर्यंत फिरवत राहा, उरलेला कागद गुंडाळून होतो. जोर लावायचा नाही, कुठे घट्ट वाटलं तर थांबा आणि इथे विचारा.

रात्री दिवे बंद करून कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, रोल वरच्या खाचेत असेल, कागद सैल होऊ न देता चिकटपट्टी लावा. हा १२० चा (रुंद फिल्मचा) रोल ३५ एमएमच्या रोलसारखा परत डब्यात जात नाही, तो कागदातच गुंडाळलेला असतो, एवढं लक्षात असू द्या. खालचं रिकामं स्पूल टाकू नका, पुढच्या रोलला तेच लागणार.

डार्करूम_मिरज

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, त्यात एक भर घालतो. ते ६ कोरे फोटो वाया गेले असं समजू नका, तेच तुमच्या कामाचे आहेत. मी स्टुडिओत २६ वर्षं डार्करूम केली, जुनी राहिलेली फिल्म आली की आधी एक तुकडा धुऊन बघायचो. २५ वर्षं माळ्यावर, फलटणच्या उन्हाळ्यात, फिल्मवर करडा फॉग (धुकट थर) चढलेला असणारच, तो किती चढलाय हे तुकड्यावर कळतं आणि मग खऱ्या फोटोंना किती वेळ द्यायचा ते ठरवता येतं. १२० मध्ये फिल्म सुरुवातीच्या टोकाला कागदाला चिकटवलेली असते आणि शेवटचं टोक मोकळं असतं, रोल उलगडला की १२ नंबर आधी हाताला लागतो, म्हणून पूर्ण अंधारात मोकळ्या टोकाकडून वीतभरच कापायची, आजोबांच्या ६ फोटोंना धक्का लागत नाही.

आणि लाल दिवा नाही बरं का. सगळ्यांना वाटतं डार्करूम म्हणजे लाल दिवा, तो प्रिंटच्या कागदासाठी, फिल्मला गडद अंधारच.

फलटणकर

काका आणि दादा, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सांगितलं तसंच केलं, हात थरथरत होते पण रोल निघाला! कागदावर ऑरवो एनपी २२ लिहिलंय. आजी म्हणाली हो, ऑरवोच असायचा, आजोबा साताऱ्याहून डझनाने आणायचे.

डार्करूम_मिरज

ऑरवो वाचून फार बरं वाटलं. पूर्व जर्मनीत वोल्फेनला बनायचा, नावातच ओरिजिनल वोल्फेन आहे, आमच्याकडे तो आणि उटीचा इंदू हेच जास्त चालायचे. एनपी २२ मधला २२ म्हणजे २२ डिन, म्हणजे १२५ एएसए (फिल्म उजेड किती पटकन पकडते त्याची ही मापं). ही चांगली बातमी आहे कारण हळू, म्हणजे कमी आकड्याची फिल्म जास्त वर्षं तग धरते, एनपी २७ असता, म्हणजे ४०० चा, तर मी एवढी आशा दाखवली नसती.

डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) एचसी ११० घ्या, जुन्या फिल्मवर फॉग कमी आणतो, आणि जोडीला फॉग दाबायला थोडं बेंझोट्रायझोल. पाण्याचं तापमान २० अंश. आत्ता नळाचं पाणी ३० ला आहे, त्यात धुतलं तर वेळ इतका कमी होतो की डाग पडतात आणि फॉगही वाढतो. टब मध्ये बर्फाचे खडे पिशवीत बांधून ठेवायचे आणि बाटल्या त्यात उभ्या करायच्या, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, ते पातळ होतं. हे सगळं एकट्याने पहिल्यांदाच करू नका, रोल घेऊन इकडे या, माझा फिल्म धुवायचा टँक अजून आहे. तोपर्यंत हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

जुनी_काच

रोलचं मार्गी लागलं, आता मी कॅमेऱ्याबद्दल लिहितो कारण माझ्याकडे हाच आहे आणि मी ९ वर्षं वापरतोय. जी म्हणजे गोल्ड, आतल्या विजेच्या जोडण्यांना सोन्याचा मुलामा आहे म्हणून, १९७० ला आला आणि १९८६ पर्यंत बनत होता. फोटो काढणारी खालची लेन्स ८० एमएम एफ ३.५ याशिनॉन, ४ काचांची. पूर्ण उघडी ठेवली तर कोपरे मऊ येतात, पण एफ ८ ते ११ ला (भोक लहान केल्यावर) इतकी सुंदर आहे की माझ्या मते रोलायफ्लेक्ससाठी (याच जातीचा महाग जर्मन कॅमेरा) कर्ज काढायची गरज नाही. क्रँक आणि बाकीचा सांगाडा मात्र रोलायफ्लेक्सएवढा भक्कम नाही, हे मान्य करावं लागेल.

तपासायचं कसं तर मागचं झाकण उघडं ठेवून मागून बघा आणि १ सेकंदावर शटर मारा. बहुतेक अडकेल किंवा ३ सेकंद लावेल, हळू स्पीडच्या दातेऱ्यांमधलं तेल सुकतं, उरलेले स्पीड ठीक असतात. त्यावर कुठलाही स्प्रे मारू नका, तेल पात्यांवर उतरतं आणि मग सगळंच चिकटतं. लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस. कडेला थोडा असेल तर फोटोत दिसतही नाही, पण केस मात्र लगेच वेगळी करा, चामड्यातच तो वाढतो. वरच्या काचेखालचा आरसा पुसायचा मोह होईल, नका पुसू, त्याचा मुलामा पुढच्या बाजूने असतो, घासला की निघाला.

उजेड मोजणाऱ्या मीटरला पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी होती, ती आता बंद आहे. साधी बटण बॅटरी १.५ ची, तिने मीटर उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळे येतात. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची १.४ ची असते, औषधाच्या दुकानात मिळते, आकाराने लहान म्हणून भोवती रबरी रिंग घाला. तीही नको असेल तर कडक उन्हात एफ १६ आणि फिल्मचा जो आकडा तोच स्पीड, १०० ला १२५ चालतं. नवीन रोल फोमापॅन १०० ने सुरू करा, स्वस्त आहे, किंवा पावसाळ्यात एचपी ५ (४०० ची फिल्म). रंगीत हवा असेल तर कोडॅक गोल्ड २०० हा १२० मध्ये २०२२ पासून मिळतोय.

फलटणकर

रविवारी एसटीने मिरजेला जाऊन आलो, काकांच्या घरी सकाळी १० ते ४ तिथेच होतो. तुकडा आधी धुतला, करडा आला, काका म्हणाले यापेक्षा वाईट पाहिलंय. मग बाकीचा. ६ पैकी ४ फोटो आले!! मला वाटलं होतं लग्नाचं काहीतरी असेल, तर सगळ्या म्हशी आहेत. म्हैस आणि शेजारी तिचा मालक, एकेक करून. आजीला विचारलं तर तिला लगेच आठवलं, जनावरांच्या विम्यासाठी फोटो लागायचे, आजोबा सायकलवरून वस्तीवर जाऊन काढायचे आणि स्टुडिओ बंद केल्यावरही कोणी बोलावलं की जायचे. दुसऱ्या फोटोत म्हशीच्या कानातला बिल्ला दिसतो, नंबर वाचता येत नाही. फोटोंतल्या मालकांपैकी एकाला आजीने ओळखलं, त्यांचा मुलगा अजून तिथेच राहतो, त्याला एक प्रिंट नेऊन देणार आहे.

एक अडचण आहे, निगेटिव्ह सारखी गुंडाळली जातेय, स्कॅनरवर सपाट बसतच नाही.

डार्करूम_मिरज

२५ वर्षं गुंडाळलेली होती, एका दिवसात कशी सरळ होईल. ३-३ फोटोंचे तुकडे करा, साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात घाला आणि जाड वहीत दाबून वर वजन ठेवा, ४-५ दिवस. प्लास्टिकमध्ये नको, दमट हवेत चिकटते. आणि कापताना दोन फोटोंमधली फट आधी उजेडात नीट बघून घ्या, तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये फार कमी आहे.