कॉल कटला तर दाद कुणाकडे मागायची?

घोडबंदरची_माई:
ठाण्यात कासारवडवली, चौदावा मजला. घरात रेंज येते ती फक्त कपडे वाळत घालायच्या गॅलरीत. आई चिपळूणला एकटी असते. रोज रात्री नऊला तिचा फोन येतो आणि तीन मिनिटांत कटतो. परवा म्हणाली, "माझं ऐकायचा कंटाळा आला की तू फोन ठेवतेस, कळतं हो मला." आता तिला काय टॉवर समजावू?

कस्टमर केअरला चार तक्रारी केल्या. चारही वेळा दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. वॉर्डातले म्हणाले, "ताई, हे दिल्लीचं खातं." एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात अर्जावर शिक्का मारून पोच दिली, ती फ्रेम करून लावावी म्हणते. ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाती घेत नाही. मग कटलेल्या कॉलला रुपया मिळणार होता ना, त्याचं काय झालं?

कळव्याचा_वकील:
ट्रायनं २०१५ मध्ये तो नियम केला होता. कटलेल्या कॉलमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३. कंपन्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयात नियम टिकला, पण मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. कॉल कधी ग्राहकाच्या बाजूनंही तुटतो, मग सरसकट कंपनीच दोषी कशी, असा मुद्दा होता. ठीक आहे, नियम कच्चा होता. पण पक्का करायला कुणी बसलंच नाही. २०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्यातही तो रुपया नाही.

माई, जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. वकील नसला तरी चालतं. (हे मीच सांगतोय, बघा.)

ऐरोली_सेक्टर८:
मी टॉवरच्या कामात होतो. तुटलेले कॉल २ टक्क्यांच्या आत हवेत, असा निकष आहे. पण तो लावतात आख्ख्या मुंबई सर्कलला (सर्कल म्हणजे कंपनीच्या परवान्याचं क्षेत्र), आणि त्या सर्कलमध्ये ठाणे-नवी मुंबईही येते. कुलाब्यात फोन छान लागला की त्या हिशेबात तुमची गॅलरी दिसतच नाही. आकडा चुकला तर ट्राय कंपनीला दंड करते, पण तो जातो सरकारी तिजोरीत. तुमच्या आईला काय मिळणार?

आणि एक विचारू का? तुमच्या सोसायटीनं गच्चीवर टॉवर नाकारला होता का? भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात. हे कुठलाच पुढारी सोसायटीच्या मीटिंगला येऊन सांगत नाही, कारण टॉवरविरोधी मोर्चात फोटो जास्त चांगला येतो.

तोवर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जाईल.

घोडबंदरची_माई:
नाकारला होता. हात वर करणाऱ्यांत मीही होते. तेव्हा व्हॉट्सअॅपवर चिमण्या मेल्याचे फोटो फिरत होते ना!

वायफाय कॉलिंग चालू केलं. काल सव्वा तास बोललो, शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं झालं. शेवटी आईच म्हणाली, "ठेव आता, झोपायचंय मला."

वकीलसाहेब, आयोगाच्या अर्जाला ते चार मेसेज जोडायचे ना? आणि शिक्क्याची पोचसुद्धा?