वानर, मोर, घूस आणि परसबाग: हुसकावायचं की जाळी लावायची?

मखमलाबादकर

आमच्या कॉलनीच्या बैठकीत यंदा सगळा वेळ वानरांवर गेला. नाशिकच्या चामरलेण्याच्या डोंगराच्या बाजूने कळप येतो, वालाचे मांडव ओरबाडतो, टोमॅटो अर्धे चावून टाकतो. शेवटी ठरलं ते असं: वर्गणी काढून सुतळी बॉम्ब आणायचे आणि एका पोराला गलोल देऊन दुपारभर गच्चीवर बसवायचं. मी विरोध केला. "मग उपाय तुम्हीच सांगा," असं मला सुनावलं गेलं. तो उपाय इथे मांडतो. पटो न पटो, मोकळेपणाने बोला.

परसबाग छोटी असेल तर ती चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद करावी. हुसकावण्याच्या फंदात पडूच नये. हुसकावलेलं जनावर कुठे नाहीसं होत नाही, दोन घरं सोडून तिसऱ्याच्या मांडवावर जातं. बुजगावणं, जुन्या सीडी, चमकपट्टी, वाघाच्या डरकाळीचं रेकॉर्डिंग, सगळ्यांची गत एकच. पाखरं काही दिवस बिचकतात, वानर तेवढंही नाही. गलोलीने तर कायदाच मोडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित प्राण्याला जखमी करणं आणि फासे-सापळे लावणं हेही शिकारीतच धरलं आहे. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे. वानरावर मारलेला दगड मोराला लागला तर काय, हे बैठकीत कोणी विचारलं नाही.

वानर का येतात, तेही बघा. त्यांचा मुख्य आहार पाला. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचा साग, पळस उघडा पडतो, आणि नेमका तेव्हाच आमच्या नळाच्या पाण्यावर वाल, घेवडा, शेवगा हिरवागार असतो. ते येणारच. त्यांना दोष द्यायचं कारण नाही, पण म्हणून ताट वाढून ठेवायचंही कारण नाही.

आता जाळीबद्दल जरा सविस्तर, कारण घाईत बांधलेली जाळी टिकत नाही. खालच्या तीन फुटांना अर्धा इंची वेल्डमेश घ्यायची. ती फूटभर जमिनीत गाडायची आणि तळाशी बाहेरच्या अंगाला वीतभर काटकोनात वळवायची. घूस कुंपणाच्या अगदी पायाशी उकरते. खाली पुन्हा जाळी लागली की मागे सरून लांबून उकरायला सुरुवात करत नाही, जागा सोडते. वरच्या भागाला एक इंची कोंबडीजाळी चालते, पण पाइप जाड हवा आणि तार ताणून बांधलेली हवी. वानराचा मोठा नर पंधरा किलोच्या पुढे भरतो आणि तो छतावर येऊन बसणारच. झोळ पडला की आतली भाजी हाताला लागते. द्राक्षबागा काढलेल्या लोकांकडे जुने अँगल आणि तार मिळते. गंजलेली नसेल तर ती उत्तम.

खर्च एका हंगामाच्या भाजीतून निघत नाही, हे मान्य. पण ही जाळी बरीच वर्षं टिकते. फटाके दर आठवड्याला आणावे लागतील.

अंजनेरीवाट

फटाक्यांना तुमचा विरोध शंभर टक्के पटला. पिंजरा पटला नाही, आणि तोही तुमच्याच मुद्द्यामुळे. हुसकावलेला कळप शेजाऱ्याकडे जातो म्हणता, मग जाळीवरून परतलेला कळप कुठे जाईल? ज्याला जाळी परवडत नाही त्याच्याकडे. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याची भाजी वाचली. शेवटच्या गल्लीत ज्या आजींच्या दोन कुंड्या आणि एक पपई आहे, त्यांच्यावर सगळा भार.

दुसरं, दुधी आणि दोडका जाळीत लावणार असाल तर फळं कशी धरणार? ही फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांचं बरंच परागीभवन रात्री पतंग करतात. मधमाशी अर्ध्या इंचातून जाईल, मोठा पतंग पंख पसरून येतो, तो बाहेरच राहील. भरपूर फुलं आणि एक दुधी नाही, अशी वेळ येईल.

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. त्र्यंबक रोडला गाड्या थांबवून केळी, बिस्किटं, फरसाण वाटणारे आपणच. सप्तशृंगी गडावरही तेच. माणसाच्या हातातलं खायची सवय लागलेलं माकड परसात आलं की त्याला तुमची जाळी ही फक्त एक अडचण वाटते, भीती वाटत नाही. दुसरीकडे सारूळच्या खाणींनी डोंगर पोखरायचे, तपोवनातली झाडं सिंहस्थासाठी तोडायची म्हणून लोकांना रस्त्यावर उतरावं लागायचं, आणि मग तक्रार करायची की जनावरं शहरात आली. कॉलनीच्या वर्गणीतून ओढ्याच्या काठाने उंबर, वड, पिंपळ लावा. उंबर लागला की वानर तिथे तासन् तास बसतात. थोडा पाला, थोडी फळं त्यांचा वाटा म्हणून सोडायला काय हरकत आहे?

गिरणारे शिवार

राम राम. तुम्हा दोघांचं वाचलं. वाटा सोडा म्हणणं सोपं आहे हो, पण वाटा किती ते ठरवणार कोण? रानडुक्कर वाटा घेत नाही. एका रात्रीत टोमॅटोच्या सऱ्या उलथ्यापालथ्या करतं, खातं थोडं आणि तुडवतं जास्त. भुईमूग, रताळं असलं तर विचारायलाच नको. ठिबकच्या नळ्या उपटून पडलेल्या असतात ते वेगळंच. सकाळी बांधावर उभं राहून ते बघायचं आणि मग उंबर लावायला जायचं, हे आमच्याच्यानं होत नाही.

आम्ही सगळं करून बसलोय. जुन्या साड्या बांधल्या, न्हाव्याकडचे केस टाकले, बाभळीच्या काट्या लावल्या, माळ्यावर बसून राखण केली. टिकलं ते सोलर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र. त्याचा ठोका साधारण सेकंदाला एक आणि अगदी क्षणभराचा असतो. जनावर झटका खाऊन मागे फिरतं, मरत नाही. पण मशीन प्रमाणित घ्या आणि पाटी लावा. काही लोक घरातली लाइन सरळ तारेला जोडतात, ते मात्र पाप आहे. ती 230 व्होल्टची तार डुक्कर, गाय, शेजारचं पोर, काही ओळखत नाही. त्यानं माणसं मेलीत, आणि जोडणारे तुरुंगात गेलेत.

मखमलाबादकरांना एक विचारतो. तुमच्या कॉलनीनं बॉम्ब लावले तर कळप कुठं जाईल? डोंगराच्या अंगानं आमच्याकडंच. शहरातले लोक दोन किलो टोमॅटोसाठी बॉम्ब फोडणार आणि आमचं अख्खं पीक जाणार. म्हणून बॉम्ब नको या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा. परसात जाळी लावा, खुशाल लावा. पण डुकराला कोंबडीजाळी म्हणजे कागद.

परसबाग सातपूर

मी ही चर्चा भाजी लावणारी म्हणून वाचतेय आणि मला पूर्ण जाळी अजिबात नको आहे. माझ्या परसात दयाळ आहे, साळुंक्या आहेत, बुलबुल आहेत. बुलबुल पिकलेले टोमॅटो फोडतो, खरं आहे. पण पिल्लं असतात तेव्हा हेच पक्षी दिवसभर चोचीत अळ्या घेऊन जाताना दिसतात. कोबीची पानं उलटून बघणाऱ्याला याची किंमत कळेल. वरून बंद केलं की अळ्यांना मोकळं रान मिळेल आणि मग आपण फवारा हातात घेणार.

त्यापेक्षा काय लावायचं ते निवडा, दादा. हळद, आलं, लसूण, कांदा, मिरची, कारली, गवती चहा. माझ्याकडे वानर यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ज्याच्यावर त्यांचा जीव आहे, म्हणजे वाल, वाटाणा, टोमॅटो, ते एका छोट्या चौकटीत लावा आणि तेवढीच झाका. ओली मेथी-कोथिंबीर स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. मोर दिसला की मी त्याला येऊ देते. तो रोपं टोचतो म्हणून रोपांवर प्लॅस्टिकची टोपली पालथी घालून वर वीट ठेवते.

आणि घुशींबद्दल बोलताना कोणी खताच्या खड्ड्याचं नाव काढलं नाही! भात-पोळी, आमटीचा चोथा उघड्या खड्ड्यात टाकला तर घूस, उंदीर, डुकरं येतात, त्यांच्यामागे कुत्री येतात. कुत्र्यांमागे काय येतं ते दारणाकाठच्या लोकांना विचारा. बिबट्याला तुमच्या भाजीशी काही घेणं नाही, कुत्र्याशी आहे. झाकणाचा ड्रम वापरा, शिजवलेलं अन्न त्यात खोलवर पुरा.

मखमलाबादकर

एकेकाला उत्तर देतो.

अंजनेरीवाट, पतंगांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. दुधीचं नराचं फूल संध्याकाळी तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाच्या तोंडावर फिरवायचं. मादी फुलाच्या देठाशी बोटभर दुधी दिसतोच, चुकण्याचा प्रश्न नाही. घरच्या दोन वेलांना हे सहज होतं. जाळी नसताना कळपाने वेलच खाली ओढला तर पतंग येऊन तरी काय करणार?

कळप पुढे सरकतो हे मी नाकारत नाही. पण जाळीवरून परतलेला वानर डोळा फुटलेला नसतो. आवाजाने बिथरून पिल्लं पोटाशी धरून विजेच्या तारांवर उड्या टाकत नाही. हा फरक मला मोठा वाटतो. आणि शेवटच्या गल्लीतल्या आजींना परवडत नाही, तर जी वर्गणी बॉम्बसाठी निघणार होती ती त्यांच्या जाळीला द्या. हे मी बैठकीत बोलणार आहे.

ताई, पीक निवडण्याचा सल्ला चांगला आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. आमच्याकडचा कळप कारलं खात नाही, पण वेल ओढून फेकतो. आलं-हळदीच्या वाफ्यातून सगळा कळप धावत जातो. आणि घरी पिकवायचं ते घरात खातात तेच ना? रोज कारली कोण खाणार? पक्ष्यांसाठी मी जाळीचं दार पहाटे उघडं ठेवेन, वानर यायच्या आत बंद करेन. छोट्या चौकटीबद्दल मात्र आपलं फार वेगळं म्हणणं नाही, माझी चौकट थोडी मोठी आहे इतकंच.

देवळालीचा सर्पमित्र

जाळी म्हटलं की बरेच जण दुकानातून ती हिरवी बारीक नायलॉनची पक्षीजाळी आणतात, म्हणून लिहितोय. ती कृपा करून जमिनीला टेकवू नका. आम्हाला येणारे कितीतरी फोन अशाच जाळीत अडकलेल्या धामणीचे असतात. साप डोकं घालतो, पोटाचा जाड भाग अडकतो. खवल्यांची टोकं मागे वळलेली असल्याने त्याला मागे सरता येत नाही, पुढे जोर लावला की धागा आणखी रुततो. उन्हात तासभर असा राहिला तर संपला. कापताना धाग्याखाली बोट घालून छोट्या कात्रीने एकेक फास सोडवावा लागतो. धाग्याने कातडी कापलेली असते, आणि हे नागाच्या बाबतीत करायचं तर काय होतं याचा विचार करा.

लोखंडी वेल्डमेशला हा धोका बराच कमी. नायलॉनच वापरायचं असेल तर जाड दोऱ्याची घ्या, ताणून बांधा आणि जमिनीपासून दीड फूट वर ठेवा. खाली पडलेले तुकडे त्याच दिवशी उचला.

मखमलाबादकरांशी माझा एक मतभेद आहे. उंदीर आणि घुशीची पिल्लं धामणच खाते. अर्धा इंची जाळीने तुम्ही तिलाही बाहेर ठेवलंत, आणि उंदराचं पिल्लू मात्र त्याच भोकातून आत येतं. मग लोक औषध घालतात. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, उघड्यावर सुस्त फिरतो, आणि गव्हाणी घुबड नेमका तोच उचलतं. तेव्हा जाळी लावा, पण आत विषाची वडी ठेवू नका. पिंजरा लावा आणि रोज तपासा.

अंजनेरीवाट

वर्गणी आजींच्या जाळीला, हे वाचून बरं वाटलं. तरी माझा मूळ मुद्दा तसाच आहे. प्रत्येकाने आपापला चौकोन बंद केला की डोंगराकडे बघायची गरज कोणालाच उरत नाही. आज परसात वानर येतो म्हणून निदान त्याच्यावर बैठक तरी होते. जाळी लागली की खाणीवर बैठक कोण घेणार? बैठकीत रस्त्यावर खाऊ घालण्याचाही विषय घ्या. कॉलनीतलेच लोक शनिवारी केळ्यांच्या फण्या घेऊन निघतात, त्यांना समोरासमोर सांगा.

गिरणारे शिवार

अंजनेरीवाट भाऊ, डोंगर वाचवायला आम्ही तुमच्यासोबत येऊ. पण डोंगर हिरवा होईस्तोवर पीक कोण राखणार, त्याचं उत्तर तुमच्याकडं नाही, आणि मला ते आजच पाहिजे. मखमलाबादकर, सर्पमित्रांचं ते दीड फुटाचं माप आमच्या द्राक्षबागेच्या नेटलाही लागू होतं. उद्याच खालची कड वर बांधून घेतो.

मखमलाबादकर

बैठक रविवारी आहे. बॉम्ब आणि गलोल रद्द करायची, वर्गणी जाळीसाठी वापरायची, सुरुवात शेवटच्या गल्लीपासून करायची, केळी वाटणं बंद करायचं आणि खताला झाकण लावायचं, एवढं लेखी देतोय. ओढ्याकाठच्या उंबराचा विषयही मांडेन, पण जाळीच्या बदल्यात नाही, जाळीसोबत. उंदरासाठी पिंजरा, औषध नाही, हे त्यात जोडलं आहे. कोणाकडे जुने अँगल असतील तर कळवा, आम्हाला सहा फुटी लागतील.