समुपदेशक मुलाशी काय बोलतात, ते आईला कळतं का?

नाशिककर_आई: मुलगा अकरावीत आहे. दिवाळीपासून क्लास बंद, ताट खोलीत नेतो, रात्री तीनपर्यंत जागा. काल स्वतःच म्हणाला, "कुणाशी तरी बोलायचंय, पण तुझ्याशी नाही." रडू आलं, पण आधारही वाटला. त्याला नेलं तर आत काय बोलणं होतं ते मला सांगतील का?

ठाणेकर: ताई, सगळं सांगत नाहीत, आणि तेच बरं. माझ्या लेकीच्या वेळी पहिली पंधरा मिनिटं आम्ही तिघं, मग ती एकटी. जिवाला धोका असेल तर मात्र पालकांना सांगतात, हे तिच्यासमोरच स्पष्ट केलं होतं. चौथ्या भेटीनंतर ती आपणहून जेवायला बाहेर आली. मी पोळी वाढताना काही विचारलं नाही. फार जड गेलं ते.

सुमन_मावशी: गोळ्या समुपदेशक देत नाहीत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतात. झोप इतकी बिघडली आहे तर त्यांनाही दाखवा. भेट मिळेपर्यंत टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

नाशिककर_आई: नंबर त्याच्या टेबलावर ठेवला. शनिवारची वेळ घेतली आहे. बाहेरच्या बाकावर बसेन.